मागची खडखड, नऊशे रुपयांची तपासणी आणि तीन मिलिमीटरची चकती

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत, लेथ आणि पावडर कोटिंगच्या शेडांच्या रांगेत, फक्त सस्पेन्शनची, म्हणजे गाडीचे हादरे सोसणाऱ्या भागांची, कामे करणारे एक लहान गॅरेज आहे. तेथे गाडी दुरुस्त करण्याचे पैसे वेगळे आणि गाडीला काय झाले आहे हे शोधून काढण्याचे पैसे वेगळे घेतले जातात. शोधण्याचे ९०० रुपये. दोष सापडल्यावर दुरुस्ती दुसरीकडे करून घ्यायची असली तरी ९०० रुपये द्यायचे. दोष सापडलाच नाही, तर काहीही द्यायचे नाही. फोनवर हे ऐकले तेव्हा मी जरा घुटमळलो, कारण गाडी नुसती बघण्याचे पैसे आपल्याकडे सहसा कोणी मागत नाही, आणि कोणी मागितलेच तर ते देणे आपल्या जिवावर येते. त्या ९०० रुपयांचा आणि ज्यांच्यापायी तेथे जावे लागले त्या शॉकअपच्या (गाडीची उसळी दाबणाऱ्या नळकांड्यांच्या) नव्या जोडीचा असा हा एकत्र अभिप्राय आहे. गॅरेजचे नाव मुद्दाम देत नाही. मालकांनीच तसे सांगितले; आताच त्यांच्याकडे पंधरा दिवसांनंतरची वेळ मिळते आणि हाताखाली मुले दोनच आहेत.

माझी गाडी २०१५ सालची पोलो आहे, दीड लिटर डिझेलची, म्हणजे भोसरीहून फार लांब नसलेल्या चाकणलाच तयार झालेली. ९४ हजार किलोमीटर झाल्यावर मागच्या दोन्ही शॉकअपच्या अंगावर तेलाचे ओघळ दिसू लागले आणि महामार्गावर पुलाच्या जोडावरून गाडीची मागची बाजू एकदा उसळली की नंतर आणखी दोनदा डोलू लागली. बदलणे भागच होते. कंपनीचे मूळ शॉकअप घ्यावेत की बाहेरचे, यावर मित्रांशी बरीच चर्चा झाली आणि शेवटी युरोपातील एका जुन्या कंपनीचे, मूळ लांबीचेच पण जरा कडक असलेले गॅसचे शॉकअप मागवले. जोडीला १२,६०० रुपये पडले; त्याशिवाय धुळीची टोपी आणि दांड्यावरचा रबरी ठोकळा यांचा संच १,९०० रुपयांना घेतला. शॉकअप ज्यांतून गाडीच्या अंगाला जोडला जातो त्या वरच्या माउंटिंगचे रबर बरे दिसत होते, म्हणून माउंटिंग जुनेच ठेवले. बसवण्याचे काम नेहमीच्या गॅरेजात दीड तासात उरकले. त्याच संध्याकाळी सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावरून गाडी आत घेताना मागून खडखड ऐकू आली.

आवाज शब्दांत पकडणे अवघड असते, पण पत्र्याच्या डब्यात दोन सुपाऱ्या टाकून डबा हलवावा तसा तो होता. वेग १५ ते ३० किलोमीटर असला आणि रस्ता बारीक खडबडीत असला की तो येई. गतिरोधकावरून गाडी सावकाश उतरली तर काहीच नाही. मोठ्या खड्ड्यात चाक गेले तर एकदाच 'गदक' असा बंद आवाज. गुळगुळीत डांबरावर पूर्ण शांतता. तो उजवीकडून येतो की डावीकडून, यावर माझे आणि पत्नीचे शेवटपर्यंत एकमत झाले नाही, आणि पुढे कळले की आम्ही दोघेही बरोबर होतो.

नेहमीच्या गॅरेजात गाडी दोनदा परत नेली. दोन्ही वेळा ती दोन खांबांच्या लिफ्टवर चढवली गेली, चाके धरून हलवली गेली, टॉमी (लांब लोखंडी दांडी) लावून बुश (सांध्यांतली रबरी कडी) तपासले गेले, प्रत्येक बोल्टावर पाना फिरवला गेला, आणि सगळे घट्ट निघाले. पहिल्या वेळी "नवीन आहेत साहेब, हजारभर किलोमीटर चालवा, बसतील जागेवर" असे सांगण्यात आले. दुसऱ्या वेळी मागच्या बीमचे (चाकांमधल्या आडव्या तुळईचे) दोन्ही बुश गेले आहेत असा निष्कर्ष निघाला आणि साडेआठ हजारांचा आकडा पुढे आला. बुश वरून तरी चिरलेले दिसत नव्हते. शिवाय जो आवाज शॉकअप बसवल्याच्या दिवशीच सुरू झाला, त्याचे कारण त्या दिवशी ज्याला कोणी हातही लावला नव्हता त्या बुशांत असावे, हे काही केल्या पटेना. त्या गॅरेजला मी वाईट म्हणत नाही. इंजिनाची कामे आजही तेथेच करून घेतो. पण तेथे आवाज शोधला जात नाही, एकेक भाग बदलून आवाज जातो का ते पाहिले जाते, आणि त्या पाहण्याचा खर्च गाडीवाल्याच्या खिशातून होतो. त्या मानाने ९०० रुपये मला स्वस्त वाटू लागले.

भोसरीच्या गॅरेजच्या मालकांना तेथे सगळे नाना म्हणतात. फोनवर त्यांनी तीनच प्रश्न विचारले. आवाज कोणत्या दिवशी सुरू झाला? त्या दिवसाच्या आधीच्या आठवड्यात गाडीला कोणी, काय केले? आणि नव्या मालाचा रिकामा खोका अजून आहे का? तिसऱ्या प्रश्नाचे मला आश्चर्य वाटले. खोका सुदैवाने माळ्यावर पडलेला होता. "असेल तसा घेऊन या, उघडून बघत बसू नका," असे सांगून त्यांनी फोन ठेवला.

ठरलेल्या दिवशी पहिला अर्धा तास कोणीही पान्याला हात लावला नाही. आधी डिकी रिकामी करण्यात आली: स्टेपनी, जॅक, हवा भरायचा पंप, दोन छत्र्या, आणि गेल्या श्रावणात देवळातून आणून विसरून गेलेला एक नारळ. डिकीवरची झाकणाची फळी काढली, मागच्या बाकाची पाठ खटका बसेपर्यंत दाबली, सीट बेल्टची बक्कले बाकाच्या फटीत खोचली. सस्पेन्शनचे म्हणून येणारे निम्मे आवाज येथेच मिळतात, असे नाना म्हणाले. माझा मिळाला नाही, पण नारळ काढल्यावर घाटातली एक जुनी घरंगळ थांबली हे येथे प्रामाणिकपणे नोंदवतो.

मग गॅरेजच्या मागच्या गल्लीत, जेथे पाण्याच्या नळासाठी खोदलेला चर कसाबसा बुजवलेला आहे, तेथे गाडीच्या चार फेऱ्या झाल्या. पहिली नेहमीसारखी. दुसऱ्या फेरीत हँडब्रेक दोन दाते ओढून गाडी सावकाश चालवली. पोलोला मागे ड्रमचे ब्रेक आहेत. त्यांचे लायनर किंवा हँडब्रेकची केबल सैल असेल तर ब्रेक किंचित लागताच त्यांचा आवाज दबतो. आवाज दबला नाही. तिसऱ्या फेरीत दोन्ही मुलांना मागे बसवले. वजन वाढून स्प्रिंग दाबली गेली की स्प्रिंगच्या बैठकीतली ढिलाई बऱ्याचदा गप्प होते. आवाज तसाच राहिला. चौथ्या फेरीत मागचे बाक पाडून एक मुलगा डिकीत आडवा झाला आणि बागेला पाणी घालण्याच्या पाइपाचा हातभर तुकडा कानाला लावून त्याचे दुसरे टोक पत्र्यावर ठिकठिकाणी टेकवत राहिला. चाकाच्या कमानीच्या आत, दोन्ही बाजूंना, त्याने खडूने फुल्या मारल्या. उजवीकडची फुली मोठी होती.

चिमट्याने भागांवर अडकवायचे आणि वायरीवरून कानात ऐकायचे मायक्रोफोन आजकाल मिळतात, आणि गॅरेजच्या कपाटात तसा संच होताही. "पाइपाने नाही कळले तरच तो काढायचा, त्याच्या वायरी गुंडाळण्यात अर्धा तास जातो," हे त्यावरचे स्पष्टीकरण. मला ते पुरेसे वाटले.

यानंतरचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटला. गाडी लिफ्टवर न घेता जमिनीतल्या पिटवर आणली, म्हणजे चारही चाके जमिनीवर आणि गाडीचे वजन चाकांवरच. पोलोच्या मागे दोन्ही चाकांना जोडणारा एक बीम असतो, स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. गाडी दोन खांबांच्या लिफ्टवर उचलली की चाके आणि बीम खाली लोंबतात, आणि त्यांना आणखी खाली जाऊ न देणारा भाग असतो तो शॉकअपच. तो पूर्ण ताणला जातो आणि वरच्या जोडात जी काही मोकळी जागा असेल ती त्या ताणाने नाहीशी होते. अशा अवस्थेत पाना लावा, टॉमी लावा, सगळे घट्टच वाटणार. नेहमीच्या गॅरेजात दोनदा हेच झाले होते. दोष होता, पण तो बघण्यासाठी गाडी ज्या स्थितीत ठेवली त्या स्थितीत तो दिसणे शक्यच नव्हते.

पिटमध्ये उतरून नानांनी उजव्या चाकाच्या कमानीत हात घातला आणि शॉकअपचा दांडा वरच्या माउंटिंगमध्ये शिरतो तेथे दोन बोटे टेकवली. एका मुलाने डिकीच्या कडेवर तळवे ठेवून गाडी हलवायला सुरुवात केली. जोराने नव्हे, अंगठाभर खाली-वर, झोका दिल्यासारखी. मिनिटभराने नाना बाहेर आले आणि मला म्हणाले, "तुम्ही घाला हात." मी घातला. गाडी खाली जाताना काही नाही, वर येतानाही काही नाही. पण खाली जाणारी गाडी वर वळते त्या क्षणी बोटाच्या पेरावर टिचकी मारल्यासारखा बारीक, टणक ठोका बसत होता. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला त्याचा आवाजही ऐकू येत नव्हता. डावीकडे तोच ठोका होता, अंमळ हलका. तीन आठवडे कानांनी ज्याचा माग काढत होतो ते बोटाला कळायला दहा सेकंद लागली.

गतिरोधकावर हा आवाज का येत नसे, हेही तेव्हाच उलगडले. मोठ्या उंचवट्यावर शॉकअप आधी बराच वेळ दाबला जातो आणि मग बराच वेळ ओढला जातो. बलाची दिशा एकदाच बदलते, ठोका एकच पडतो आणि बाकीच्या आवाजांत बुडतो. बारीक खडबडीत रस्त्यावर मात्र गाडीचे अंग जवळजवळ स्थिर राहते आणि चाक सेकंदाला साधारण दहा ते पंधरा वेळा थरथरते. प्रत्येक थरथरीत बल उलटते आणि प्रत्येक वेळी दांडा त्या मोकळ्या जागेत इकडून तिकडे आपटतो. सुपारीचा आवाज तो हाच.

बीमला खालून जॅकचा आधार देऊन वरचे दोन आणि खालचा एक बोल्ट काढला आणि शॉकअप टेबलावर आला. माउंटिंगवरचा नट पाना लावून पाहिला तर कचकचीत घट्ट. पण माउंटिंग हातात धरून ओढले की ते दांड्यावर खाली-वर सरकत होते. नानांनी व्हर्निअर लावला: दोन मिलिमीटरला जरा कमी. नट घट्ट होता, पण माउंटिंगला त्याची पकडच नव्हती. दांड्यावर खाली एक खांदा असतो, त्याच्यावर माउंटिंगच्या मधली लोखंडी नळी बसते आणि वरून नट तिला खांद्यावर आवळतो. या दांड्यावरचे आटे जरा वरच संपत होते. नट आट्यांच्या शेवटापर्यंत पोचला, तेथे अडला, हवेच्या गनने तो आणखी आवळला गेला, आणि बसवणाऱ्याला वाटले काम झाले. नट आणि नळी यांच्यामध्ये फट राहिली ती राहिलीच.

तेव्हा नानांनी माझा खोका मागितला. तो उपडा करून हलवला, मग तळाच्या पुठ्ठ्याची घडी नखाने उचकटली. आत चिकटून बसलेली एक पारदर्शक पिशवी निघाली. तिच्यात तीन-तीन मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या होत्या आणि घडी घातलेला एक कागद. कागदावर एकही अक्षर नव्हते. शॉकअपचे एक चित्र, त्याच्या वरच्या टोकाकडे हरभऱ्याच्या डाळीएवढा बाण, आणि बाणाच्या टोकाशी ती चकती. जुन्या शॉकअपला अशी चकती नव्हतीच. त्यामुळे ज्याने बसवले त्याने ती शोधली नाही, आणि मी खोका न बघताच माळ्यावर टाकला. चूक कोणाची, हे वाटून घ्यायचे झाले तर निम्मी बसवणाऱ्याची, थोडी माझी, आणि उरलेली त्या कंपनीची, जिने साडेबारा हजारांच्या मालात एवढा महत्त्वाचा भाग पुठ्ठ्याच्या घडीत ठेवला.

बसवतानाची पद्धतही सांगण्यासारखी आहे. हवेच्या गनला हात न लावता दांड्याच्या टोकातल्या षट्कोनी खाचेत ॲलन की घालून दांडा स्थिर धरला आणि नट रिंग पान्याने आवळला. गनने आवळताना दांडा फिरतो, तो फिरू नये म्हणून कोणी पकडीने धरतो आणि त्याच्या क्रोमवर चरे पडतात. तो चरा तेलाच्या सीलमधून येत-जात राहिला की काही महिन्यांत सील गळायला लागते. माझ्या उजव्या शॉकअपवर असा चरा खरोखरच होता. दैवाने तो रबरी ठोकळ्याच्या आत, इतक्या वर होता की सीलपर्यंत पोचण्याची शक्यता नाही. नानांनी तो मला दाखवला आणि कागदावर लिहूनही दिला, हे मला आवडले, कारण तो लपवणे सोपे होते.

बोल्ट नवे वापरले. ठरावीक टॉर्क (पिळाचा जोर) देऊन पुढे आणखी ९० अंश फिरवायचे असे बोल्ट ताणले जाऊन धरतात, त्यामुळे ते पुन्हा वापरू नयेत. पहिल्या वेळी जुनेच लावले होते. खालचा बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी करून, पिटमधूनच शेवटचा आवळला. शॉकअपच्या खालच्या डोळ्यातले (बोल्ट जातो त्या भोकातले) रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या कड्याला चिकटवलेले असते. चाके लोंबत असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर येताच ते रबर पिळले जाते आणि उभ्या गाडीतही कायम पिळलेलेच राहते. त्याने खडखड होत नाही, पण रबर वेळेआधी फाटते. हे काम दोन मिनिटांचे आहे आणि तरी ते फार कमी ठिकाणी होताना पाहिले आहे, कारण त्यासाठी गाडी लिफ्टवरून उतरवून पुन्हा तिच्याखाली जावे लागते.

गल्लीतल्या चरावरून परत फेरी मारली. रिकाम्या डिकीत मी स्वतः बसलो होतो. टायरचा आवाज, खडीचा आवाज, आणि गॅसच्या शॉकअपमधून तेल जाताना येणारी हलकी सुस्कार. ती सुस्कार दोष नव्हे. सुपाऱ्या गेल्या होत्या.

बिल २,६६० रुपये झाले: तपासणीचे ९००, काढून बसवण्याचे १,४००, बोल्टांचे ३६०. एकूण वेळ तीन तास चाळीस मिनिटे, त्यातला जवळजवळ निम्मा केवळ शोधण्यात गेला. बिलासोबत वहीचे एक पान मिळाले. त्यावर काय तपासले, काय ठीक निघाले, काय सापडले आणि पुढे काय बघावे, असे चार रकाने हाताने भरलेले होते. बीमच्या बुशांपुढे 'ठीक, बदलू नये' असे लिहिले होते. साडेआठ हजारांपैकी माझे किती वाचले हा हिशेब मी पत्नीला दोनदा सांगितला. वरच्या माउंटिंगच्या रबराला मात्र वर्षभराची मुदत दिली आहे, आणि येथे माझी काटकसर चुकली हे मान्य करतो. माउंटिंग शॉकअपच्या मानाने स्वस्त असते आणि ते बदलायला तोच सगळा खटाटोप पुन्हा करावा लागतो; नवे शॉकअप घेणाऱ्याने ते सोबतच घ्यावे.

आता शॉकअपविषयी. चकत्या बसल्यापासून साडेपाच हजार किलोमीटर झाले आहेत. त्यात पुणे ते कोल्हापूर दोन फेऱ्या, चार माणसे आणि भरलेली डिकी, आणि पावसाळ्यातला चाकण-शिक्रापूर रस्ता आला. महामार्गावर गाडीची मागची बाजू आता एकदा उसळून तेथेच थांबते. खंबाटकीच्या वळणांवर ती आधी जशी अर्धा क्षण मागे राहिल्यासारखी वाटे तसे वाटत नाही. भरलेल्या गाडीला हे शॉकअप फार शोभतात. रिकाम्या गाडीत, शहरात, कमी वेगात मात्र ते कडक आहेत आणि मागे बसणाऱ्याला ते कळते. माझी आई पहिल्या दिवसापासून म्हणते की जुनेच बरे होते, आणि तिच्या पाठीच्या बाजूने पाहिले तर तिचे खरे आहे. रोज एकट्याने कार्यालयात जाणाऱ्याने मूळचेच घ्यावेत, असे मी सांगेन. मालाच्या दर्जाला पाचपैकी चार गुण देतो, आणि सूचनापत्राला शून्य.

याच जोडीबरोबर गाडी तीन-चार सेंटिमीटर खाली आणणाऱ्या आखूड स्प्रिंगा घ्याव्यात, असा आग्रह विक्रेत्याने धरला होता. त्या मी घेतल्या नाहीत. आखूड स्प्रिंग मूळ लांबीच्या शॉकअपबरोबर लावली तर चाक पूर्ण खाली लोंबल्यावर ती बैठकीत सैल पडू शकते आणि खडखडीचे आणखी एक कारण तयार होते, ही एक गोष्ट. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतले तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांपासून बदलतील असे फेरफार गाडीत करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तसेच सांगितले आहे, ही दुसरी. मूळ मापाचे शॉकअप बदलणे हे साधे दुरुस्तीचे काम राहते.

गॅरेजच्या तक्रारीही आहेत. फोन सकाळी तासभरच उचलला जातो. बसायला सावली नाही. समोरच्या टपरीचा चहा चांगला आहे, पण पावणेचार तासांत तो किती प्यावा. तो ठोका बघण्यापुरता हात घालू दिला तेवढे सोडले तर पिटमध्ये उतरू देत नाहीत, आणि प्रश्न फार विचारले तर उत्तरे आखूड होत जातात. 'दोष बसवण्यातला आहे' असे पत्र मला नेहमीच्या गॅरेजकडून पैसे परत मागण्यासाठी हवे होते. ते द्यायला नानांनी साफ नकार दिला. कोणाच्या कामावर कागद करायचा नाही हा त्यांचा नियम आहे, आणि तो मला गैरसोयीचा वाटला तरी समजण्यासारखा आहे.

शिवाय चार दिवसांनी, ताशी साठच्या पुढे गेल्यावर, डावीकडून मागे एक नवीनच टकटक ऐकू येऊ लागली. पोटात गोळा आला. गाडी पुन्हा भोसरीला नेली, अर्धी सुट्टी गेली. नानांनी गाडी हलवली नाही, की कोणाला डिकीत झोपवले नाही. डाव्या चाकाजवळ उकिडवे बसून कमानीच्या आतल्या प्लास्टिकच्या अस्तराला त्यांनी बोटाने टकटक केले. शॉकअप काढताना काढलेली एक क्लिप परत लावायची राहून गेली होती आणि वाऱ्याने अस्तर पत्र्यावर आपटत होते. "हा आमचाच," एवढेच म्हणून त्यांनी मुलाला हाक मारली. क्लिप लागली, आणि त्या मुलाने माझ्याकडून ते वहीचे पान मागून घेऊन त्याच्या तळाशी 'क्लिप १, राहिली होती, मोफत' असे लिहून तारीख घातली.